बंद स्नूकर क्लब घ्यायचा असेल तर आधी टेबलाखाली वाका

सांगलीहून एका तरुण गृहस्थांनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही उत्तर कळेल. जुन्या बाजारपेठेत तळमजल्यावर एक स्नूकर क्लब आहे. दोन वर्षं कुलूप आहे. आत दोन स्नूकरची आणि तीन पूलची टेबलं, चार एसी, खुर्च्या, काउंटर. जुना मालक हे सगळं ‘नावासकट, चालता धंदा’ म्हणून ११ लाखांना द्यायला तयार आहे. जागा त्याची नाही. जागामालक ३५,००० भाडं आणि ३ लाख अनामत मागतो. विचारणाऱ्यांकडे १५ लाख आहेत आणि त्यातले ५ लाख वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातले. त्यांचा प्रश्न: ११ लाख जास्त होतात का, आणि परत उघडला तर चालेल का?

मी १९९८ साली पुण्यात मार्कर, म्हणजे क्लबात टेबलं सांभाळणारा आणि गुण मांडणारा माणूस, म्हणून कामाला लागलो आणि २००४ पासून कोल्हापुरात स्वतःचा क्लब चालवतो. मधल्या काळात बंद पडलेले तीन क्लब घेऊन परत उघडले. दोन चालले, एक बुडाला. जे सांगतो ते या तिघांवरून.

पहिली गोष्ट, दोन वर्षं कुलूप असलेल्या धंद्याला चालता धंदा म्हणत नाहीत. गिऱ्हाईक दोन वर्षांत दुसरीकडे गेलं, काहींची लग्नं झाली, कॉलेजची पोरं तर शिकून गावही सोडून गेली. तुम्हाला ११ लाखांत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पुडीत बांधून दिल्या जातायत: टेबलं, जागा आणि नाव. त्या आधी सुट्या करा. टेबलं चांगली असतील आणि जागा वाईट, असं होऊ शकतं. जागा उत्तम आणि नाव इतकं खराब की त्याचे पैसे देण्याऐवजी ते पुसायलाच खर्च यावा, असंही होतं. भावाची घासाघीस त्यानंतरची. त्याहीआधी एकच प्रश्न धरून बसा: हा क्लब बंद का पडला? जे कारण असेल ते अजून त्या कुलपाआडच आहे. तुम्ही शटर उघडलं की ते तुमचं होतं.

हे मी इचलकरंजीत शिकलो. मालक म्हणाला, मुलगा पुण्याला नोकरीला गेला, बघायला कोणी नाही. माणूस सज्जन वाटला, टेबलं खरोखर चांगली होती, मी पैसे मोजले. उघडल्यावर दुसऱ्याच आठवड्यात रात्री साडेदहाला चौघं आले आणि काउंटरवरच्या पोराला विचारायला लागले, ‘आजपासून परत पैशावर खेळ सुरू का?’ तेव्हा उलगडा झाला. तिथं रात्री फ्रेमवर, म्हणजे एकेका डावावर, हजारांच्या पैजा लागायच्या, दोनदा मारामारी झाली होती, पोलीस येऊन गेले होते. त्या गल्लीतला कुठलाच बाप पोराला तिथं पाठवायला तयार नव्हता. मी चौदा महिने झगडलो. पाटी बदलली, रंग बदलला, पण लोकांच्या डोक्यातला जिना तोच राहिला. शेवटी टेबलं उचलून कोल्हापूरला आणली. समोरच्या पानाच्या टपरीवाल्याला हे सगळं माहीत होतं आणि त्यानं विचारल्याबरोबर सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं.

म्हणून तुम्ही तिघांना वेगवेगळं गाठा: जुना मालक, जागामालक आणि तिथला जुना मार्कर. तिघांची उत्तरं जुळली तर ठीक. मालक म्हणतो तब्येतीमुळे बंद केला, जागामालक म्हणतो आठ महिने भाडं आलं नाही आणि मार्कर म्हणतो शेवटच्या वर्षी कपडाच बदलला नाही, असं निघालं तर मार्करवर विश्वास ठेवा. रोज सकाळी टेबल ब्रश करणाऱ्याला क्लब कधी आजारी पडला हे बरोबर कळलेलं असतं. त्याच्याकडूनच जुन्या दहा-पंधरा नियमित खेळाडूंचे नंबर मिळतील. त्यांना फोन करून एवढंच विचारा, ‘आता कुठं खेळता?’ सांगलीतच विश्रामबागेत, मिरजेत, की खेळ सोडला? तुमचा बाजार तिथंच कळतो.

आता टेबलं. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमचे पैसे जास्त इथंच फसतील किंवा वाचतील.

टेबलाचा जीव त्याच्या पाटीत असतो. पूर्ण मापाच्या स्नूकर टेबलाला स्लेटचे पाच तुकडे असतात, नऊ फुटी पूल टेबलाला तीन. स्लेट म्हणजे पाटीचा दगड, काळसर राखाडी. आपल्याकडे बऱ्याच टेबलांत स्लेटऐवजी मार्बल घालतात, आणि अगदी स्वस्त पूल टेबलांत लाकडी भुशाचा दाबलेला बोर्डही असतो. वरून हिरवा कपडा ताणला की तिन्ही सारखीच दिसतात. म्हणून टॉर्च घेऊन टेबलाखाली आडवे व्हा. पाट्यांचा खालचा भाग उघडा दिसतो. गडद राखाडी, थरांचा दगड असेल तर स्लेट. पांढरट किंवा हिरवट झाक असेल तर मार्बल. फुगलेली, भुसभुशीत कड दिसली तर बोर्ड, आणि त्या टेबलाची किंमत शून्य धरा. पाचांपैकी किती टेबलं खरी स्लेटची, एवढ्या एका गोष्टीवर सौद्याचा आकडा निम्म्यानं खालीवर होतो.

खाली वाकलाच आहात तर लाकूडही बघा. वाळवीच्या मातीच्या रेघा पायांवरून वर चढलेल्या असतात. स्क्रू ड्रायव्हरचं टोक चौकटीवर ठिकठिकाणी दाबून बघा, आत गेलं तर लाकूड पोकळ आहे. बंद हॉलमध्ये उंदीर पॉकेटची जाळी आणि कपड्याच्या कडा खातात. ते स्वस्तात बदलता येतं, त्याला घाबरू नका.

मग वर या. तळहात कपड्यावरून हलकेच फिरवा. पाट्यांच्या सांध्यावर बोटांना पायरी लागली तर आतलं भरण निघालंय आणि टेबल पूर्ण खोलून परत जोडावं लागेल. त्यानंतर एक चांगला बॉल घ्या. जुन्या सेटमधला पांढरा बॉल वापरू नका, तो सगळ्यांत जास्त झिजलेला असतो. बॉल एका टोकाहून इतका हळू सोडा की पलीकडच्या कुशनपाशी, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीपाशी, जाता जाता थांबावा. शेवटच्या हातभर अंतरात तो वळतो का ते बघा. जोरात मारलेला बॉल खोटं बोलतो, हळू सोडलेला बोलत नाही. दोन्ही बाजूंनी, मधोमध आणि तिरका, असं आठ-दहा वेळा करा आणि वहीत बाण काढून ठेवा. बॉल सगळीकडे एकाच बाजूला वळत असेल तर पायाखालची लेव्हल गेलीय, चांगला फिटर ती एका दिवसात आणून देतो. एका जागी उजवीकडे आणि वीतभर पुढं डावीकडे वळत असेल तर पाटीच बसलीय किंवा वाकलीय.

कुशनचं रबर बघायला नखानं दाबा. जिवंत रबर नख झेलून परत येतं, मेलेलं दगडासारखं लागतं किंवा तडे दाखवतं. खेळून बघायचं तर स्नूकर टेबलावर लांबीच्या दिशेनं पूर्ण ताकदीनं सरळ मारा. चार लांब्या आरामात पार करून पाचवीत शिरला तर माझ्या हिशेबानं रबर बरं आहे. तीनमध्येच दमला तर बदलायचं. कपडा दोन वर्षं बंद हॉलमध्ये ताणलेला आहे, तो गेलाच समजा. कितीही चांगला दिसला तरी त्याचा पैसा देऊ नका. बॉल मोजायला साधा व्हर्नियर पुरतो: स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटर, पूलचा ५७.१५. पूलच्या टेबलावर स्नूकरचा लव असलेला कपडा ताणला आहे का तेही बघा. लहान गावांत हे सर्रास करतात, आणि पूल शिकलेला खेळाडू दोन डावांत ओळखतो आणि परत येत नाही.

आता सांगलीचा खास मुद्दा, आणि यावर तुमच्या प्रश्नात एक अक्षरही नाही. तळमजला, जुनी बाजारपेठ. मग २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी आत आलं होतं का? आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका असतो, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. स्नूकर टेबलाच्या कडेचा माथा जमिनीपासून जेमतेम ३४ इंचांवर असतो, पाट्या त्याहून खाली. हॉलमध्ये कंबरेएवढं पाणी आलं असेल तर पाट्या पाण्याखाली होत्या. दगडाला पाण्यानं काही होत नाही. पण चौकट फुगते, बोल्ट गंजतात, कुशनचं रबर ज्या लाकडाला चिकटवलेलं असतं तिथला डिंक सुटतो. नंतर वाळवून, रंधा मारून, पॉलिश करून ठेवलं तर वरून कळत नाही. शेजारच्या दुकानदाराला विचारा पाणी कुठपर्यंत होतं, आणि त्या उंचीला टेबलाच्या पायांवर, काउंटरच्या मागं, विजेच्या बोर्डाखाली डाग शोधा. बोर्ड सगळे अचानक वर सरकवलेले दिसले तर तेही एक उत्तरच आहे.

यापुढचं जास्त महत्त्वाचं आहे. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की किराणावाला रात्रीत पोती माळ्यावर चढवतो. तुम्ही टनाहून जड टेबल कुठं चढवणार? एक टेबल नीट खोलायला फिटर आणि चार माणसांना जवळजवळ अख्खा दिवस लागतो, स्नूकरच्या पाटीचा एकेक तुकडा दीड-पावणेदोनशे किलोचा. पाच टेबलं म्हणजे अशक्य. त्यामुळे त्या जागेत पाणी येत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: टेबलं घ्या, जागा घेऊ नका.

आणि हा पर्याय पाणी आलं नसलं तरी विचारात घ्या. तुमचं गिऱ्हाईक कुठं आहे? विलिंग्डन आणि वालचंद ही दोन्ही कॉलेजं विश्रामबागेत, मेडिकलची मुलं मिरजेत. जुन्या बाजारात दिवसा व्यापारी आणि पार्किंगची मारामारी, रात्री नऊनंतर सामसूम. सांगली-मिरज रस्त्याच्या आसपास पहिल्या मजल्यावर दोन हजार चौरस फुटांची जागा थोड्या जास्त भाड्यानं मिळाली तरी ती मला स्वस्त वाटेल. मात्र पहिल्या मजल्यावर जायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. टेबलाचं वजन पसरलेलं नसतं, ते आठ पायांवर येतं, आणि खालून तुळई कुठून गेलीय त्याप्रमाणे टेबलाची जागा ठरवावी लागते.

आता हिशेब. गावागणिक दर वेगळे, तेव्हा आकडे तुम्ही तुमचे घाला, मी पद्धत दाखवतो. भाडं ३५,०००. सकाळ-संध्याकाळ मिळून दोन माणसं, ३०,०००. वीज, एसी धरून, व्यापारी दरानं १४,०००. कपडा, काठीची टिप, चॉक, दुरुस्तीसाठी दरमहा बाजूला ८,०००, आणि हे खर्च झाले नाहीत तरी काढून ठेवायचेच. सफाई, पाणी, इंटरनेट, हिशेबनीस ५,०००. झाले ९२,०००. आता स्नूकर आणि पूल, दुपारची सवलत, ओळखीच्यांना सोडलेली दहा मिनिटं हे सगळं धरून एका टेबलामागं तासाला हातात सरासरी १४० रुपये पडतात असं समजू. महिन्याला साधारण ६६० तास, म्हणजे दिवसाला २२ टेबल-तास हवेत.

ऐकायला सोपं वाटतं, कारण पाच टेबलं बारा तास म्हणजे ६० तास आहेत. पण क्लब खरा चालतो तो संध्याकाळी सहा ते अकरा. तेवढ्या वेळात पाच टेबलांचे मिळून २५ तास होतात. म्हणजे रोज, अगदी सोमवारीसुद्धा, संध्याकाळभर जवळजवळ सगळी टेबलं भरलेली असली तर तुम्ही फक्त खर्चाला खर्च जुळवाल. स्वतःला ३०,००० पगार हवा असेल तर दिवसाला २९ तास लागतील, आणि ते संध्याकाळी बसतच नाहीत. त्यासाठी दुपार भरावी लागते. दुपार भरतात कॉलेजची मुलं, आणि ती जुन्या बाजारात दुपारी येत नाहीत. जागेचा प्रश्न मी परत परत का काढतोय ते इथं दिसेल.

याच हिशेबात ११ लाखांचं उत्तर आहे. १५ मधून ३ लाख अनामत. चार महिन्यांचा खर्च, साधारण ३.७ लाख, बँकेत वेगळा ठेवायचा आणि त्याला हात लावायचा नाही. उरले ८.३ लाख. पाच टेबलांचे कपडे, लागेल तिथं रबर, नवे बॉल, जोडणी, टेबलावरचे दिवे, रंग, एसीची दुरुस्ती, परवान्यांचा खर्च याला मी किमान साडेतीन धरतो. टेबलांसाठी तुमच्याकडे पाच लाखही उरत नाहीत. ११ वाजवी आहेत का या वादात शिरूच नका, तुम्हाला परवडतच नाहीत. माझा स्वतःचा नियम असा: तेच टेबल आज नवं केवढ्याला पडेल याचं कोटेशन पुण्या-मुंबईच्या बनवणाऱ्यांकडून घ्यायचं, त्याचा तिसरा हिस्सा धरायचा आणि त्यातून कपडा-रबराचा खर्च वजा करायचा. नावाचे पैसे शून्य. मालकाला हे ऐकून राग येईल, येऊ द्या. दोन वर्षं बंद हॉलचं भाडं किंवा भांडण त्याच्याही मानेवर आहे, आणि पाच टेबलं उचलून नेणारं गिऱ्हाईक सांगलीत रोज दारात येत नाही. वडिलांच्या ५ लाखांबद्दल वेगळं सांगतो, कारण माझ्या वडिलांचे पैसे इचलकरंजीत गेले: ते पैसे टेबलांत घालू नका. अनामत त्यातून द्या. अनामत परत मिळते, कपडा परत मिळत नाही.

कागदांचं भराभर सांगतो, कारण यात मत द्यायला जागा कमी आणि वकिलाला विचारायला जास्त आहे. टेबलांची मूळ बिलं मागा. बँकेचं किंवा पतसंस्थेचं कर्ज त्यावर आहे का, आणि भाडं थकलंय म्हणून जागामालक त्यांच्यावर हक्क सांगतोय का, हे बघा. म्हणूनच सौदा तिघांनी एकत्र बसून करायचा: तुम्ही, जुना मालक, जागामालक. प्रत्येक टेबलाचा फोटो आणि वर्णन करारात. पैसे दोन हप्त्यांत, दुसरा तीन महिन्यांनी, सगळं चेकनं. विजेची थकबाकी जागेच्या मागं येते, तेव्हा महावितरणचं ताजं बिल बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका. २०१७ च्या आधीपासूनचा क्लब असेल तर करमणूक कराची जुनी बाकी आहे का, तेही विचारा.

जागेचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ते बंधनकारक आहे. पाच वर्षांचा करा, आणि पहिली तीन वर्षं जागामालकाला तुम्हाला काढता येणार नाही असं कलम त्यात घाला. कपड्याच्या दुकानाला महिनाभरात हलता येतं, स्नूकर क्लबला ते जमत नाही. आणि टेबलं बसवायचे पहिले दीड महिने भाडं माफ मागा. रिकाम्या जागेचा मालक बहुतेक वेळा देतो.

परवाना जुन्या मालकाच्या नावाचा असेल तर तो तुमचा होत नाही. सार्वजनिक करमणुकीच्या जागांचे नियम महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३३ खाली येतात. पुण्यासारख्या शहरात हे पोलीस आयुक्तांकडं असतं, सांगलीत तुम्हाला जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करावी लागेल. दोन-चारच माणसं कामाला असतील तर दुकाने अधिनियमाखाली नोंदणी नाही, फक्त सूचना द्यावी लागते. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी. चहा-सँडविच ठेवणार असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी. अग्निशमनाचं काम महापालिकेच्या अग्निशमन विभागाला विचारून करा आणि मागचा दरवाजा फर्निचरनं अडवू नका.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसेन: पैसे लावून खेळ नाही. हरणाऱ्यानं टेबलाचं बिल भरायचं ही पद्धत सगळीकडं आहे, त्यापलीकडं एक रुपयाही नाही. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला लागू नाही असं त्यातच म्हटलंय, पण खेळावर लावलेल्या पैजेलाही ती सूट आहे असं समजून वागू नका. पोलिसांचं सोडा, पहिली पैज लागली त्या दिवसापासून तुमची दुपारची मुलं जायला सुरुवात होते. सिगरेटचंही तसंच. हॉलमध्ये ओढू द्यायची नाही, जिन्यातही नाही. हुक्का पार्लरवर तर २०१८ पासून राज्यात बंदीच आहे.

समजा हे सगळं पार पडलं. मग उघडायचं कधी आणि कसं?

पावसाळ्यात कागद करा, सप्टेंबरात टेबलं बसवा, दसऱ्याला उघडा. दसरा म्हणतोय तो नुसत्या मुहूर्तासाठी नव्हे. पुण्यात नोकरीला गेलेली सांगलीची पोरं दिवाळीला आठ-दहा दिवस घरी येतात, जुना क्लब उघडलाय हे त्यांना कळलं की ती मित्रांना घेऊन येतात. तोपर्यंत तुमचे तीन आठवडे झालेले असतात आणि टेबलंही बसलेली असतात. नवी जोडणी केलेलं टेबल पहिल्या काही आठवड्यांत थोडं हलतं. फिटरला पैसे देताना तिसऱ्या आठवड्यात परत येऊन लेव्हल तपासायचं आधीच ठरवून ठेवा.

पाचही टेबलं एका दिवशी उघडू नका. एक स्नूकर आणि दोन पूल उत्तम करा, बाकी दोन झाकून ठेवा. पहिल्या दिवशी आलेल्या खेळाडूला चांगल्या टेबलासाठी वीस मिनिटं थांबावं लागलं तर तो परत येतो. खराब टेबल लगेच मिळालं तर येत नाही. स्नूकरचा कपडा रोज सकाळी लवेच्या दिशेनं, म्हणजे बॉकच्या (जिथून पहिला फटका मारतात त्या) बाजूकडून काळ्या बॉलच्या बाजूकडं, ब्रश झाला पाहिजे, आणि आठवड्यातून एकदा-दोनदा इस्त्री. हे काम पोरावर सोडून घरी झोपू नका, पहिले सहा महिने सकाळी तुम्ही स्वतः तिथं हवेत. जुना मार्कर चांगला निघाला तर त्याला दोन हजार जास्त देऊन ठेवा. गिऱ्हाईक मालकाला नंतर ओळखतं, आधी मार्करला.

नाव ठेवायचं की बदलायचं, ते तुमच्या क्लबच्या आसपासचा टपरीवाला काय सांगतो त्यावर. पण एक गोष्ट जुन्या नावानं करा: बंद होण्याआधी ज्यांनी तासांचं पॅकेज आगाऊ भरलं होतं आणि ज्यांचे तास बुडाले, त्यांना ते द्या. वही सापडली तर वहीप्रमाणं, नाही तर मार्करच्या आठवणीप्रमाणं, माणशी पाच तासांपर्यंत. कर्ज तुमचं नाही हे मला मान्य. कोल्हापुरात मी हे केलं होतं तेव्हा एका मेडिकल दुकानदारांचे चार तास निघाले. ते चार तास खेळले, आणि त्यानंतर अकरा वर्षं दर बुधवारी आले, दर वेळी कोणाला तरी घेऊन.

आणि घरच्यांची भीती, जी तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलीय: ‘वडील म्हणतात हा टवाळांचा धंदा आहे.’ त्यांना रागावू नका, त्यांनी जे क्लब पाहिलेत त्यावरून ते बरोबर बोलतायत. हा खेळ आपल्याच देशात, जबलपूरच्या छावणीत १८७५ च्या सुमारास जन्मला. १९५८ ला जागतिक बिलियर्ड्स जिंकणारे विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेले, पंकज अडवाणीही पुण्यातच जन्मलेला, आणि त्याच्या नावावर दोन डझनांहून जास्त जागतिक विजेतेपदं आहेत. हे त्यांना सांगा जरूर, पण त्यानं त्यांचं मन बदलेल असं नाही. रविवारी सकाळी नऊ ते बारा हॉल घरच्यांसाठी आणि मुलींसाठी ठेवा, अठराखालच्या मुलांना आईवडिलांच्या फोननंतरच प्रवेश द्या, समोरची काच रस्त्यावरून आत दिसेल अशी ठेवा, काळी फिल्म लावू नका. आणि वडिलांना एका रविवारी सकाळी काउंटरवर बसवा. माझे वडील इचलकरंजीच्या नुकसानीनंतर दोन वर्षं माझ्या क्लबची पायरी चढले नव्हते. ज्या दिवशी आले त्या दिवशी एक शाळकरी मुलगी रेस्ट, म्हणजे काठीला टेकू द्यायची दांडी, धरून लाल बॉल मारायचा प्रयत्न करत होती, तिची आई बाकावर विणत बसली होती. वडील तासभर काही न बोलता बघत होते. जाताना म्हणाले, दिवा जरा तिरका लागलाय तिसऱ्या टेबलावरचा. तो खरंच तिरका होता.

तर या आठवड्यात पैशांचं काही बोलू नका. टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, वही आणि ओळखीच्या क्लबमधून उसना घेतलेला एक चांगला बॉल घेऊन जा. मालकाला सांगा, एका स्नूकर टेबलाचं एक कुशन खोलून दाखवा, फिटरची मजुरी मी देतो. खोललेल्या कुशनच्या मागं लाकडाला पाण्याचा डाग, गंजलेले बोल्ट आणि पाटीची कड, तिन्ही एकाच वेळी दिसतील. तो खोलू देत असेल तर फोटो काढा आणि मग बसून आकडा ठरवा. खोलू देत नसेल तर त्याला नमस्कार करा आणि विश्रामबागेत जागा बघायला लागा.